ऊटाबाईंचा परवाना

मध्यंतरी सात महिने ऑनसाइट होतो. जर्मनीत, एसेन नावाच्या शहरात. कोळसा आणि पोलाद यांच्यावर पोसलेलं शहर. शेवटची खाण १९८६ साली बंद झाली, आता तिथे म्युझियम आहे आणि शहरात वीजकंपन्यांची, पोलादकंपन्यांची हेडऑफिसं. आपल्यासारखे लोक त्यांच्या बिलिंग सिस्टिम्स सांभाळायला तिथे जातात. रविवारी सगळी दुकानं बंद, म्हणजे पुण्यात दुपारी एक ते चार असतं तसं, पण दिवसभर. मग विकांताला करायचं काय? तर चालायचं.

अशाच एका रविवारी टीममधल्या एका जर्मन सहकारी बाईंबरोबर गावात फिरत होतो. वयाने माझ्या आईएवढ्या, मूळच्या एसेनच्या. मुख्य चर्चपाशी आल्यावर एका जागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे एक पुतळा होता. २०२३ मध्ये काढला."

पुतळा होता फ्रान्झ हेंग्सबाख यांचा. एसेनचे पहिले बिशप. १९५८ साली हा धर्मप्रांत नवीन तयार झाला तेव्हापासून १९९१ पर्यंत तेच बिशप होते, १९८८ मध्ये कार्डिनल झाले. खाणकामगारांमध्ये अतिशय लोकप्रिय. अंगठीत रत्नाऐवजी कोळशाचा तुकडा बसवलेला! २०११ मध्ये मोठ्या कौतुकाने पुतळा उभारला. सप्टेंबर २०२३ मध्ये खुद्द धर्मप्रांतानेच जाहीर केलं, की त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप आहेत, त्यातला एक १९५४ सालचा आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीतला. हेंग्सबाख १९९१ मध्येच वारलेले, त्यामुळे खटला-बिटला होण्याचा प्रश्न नव्हता. आठवड्याभरात पुतळा हलवला.

हे सगळं सांगून झाल्यावर बाई सहज म्हणाल्या, "याच बिशपने ऊटाचा शिकवायचा परवाना काढून घेतला होता."

"कोण ऊटा? आणि का?"

"मरियाच्या बाळंतपणावरून."

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात माझ्या बहिणीला मुलगी झाली होती, आणि घरी व्हिडिओ कॉलवर वेगळंच रामायण चाललं होतं. आजीचं म्हणणं, सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीने देवघरात पाऊल टाकायचं नाही. बहीण एमडी पॅथॉलॉजी. तिचं म्हणणं, मी आत्ता नऊ महिने जे केलं त्यात अपवित्र नक्की काय होतं ते मला कुणीतरी सांगा. आई दोघींच्या मध्ये. मी साडेसहा हजार किलोमीटरवर, म्हणून सुरक्षित. त्यामुळे 'बाळंतपणावरून परवाना गेला' हे ऐकल्यावर डोक्यात जो किडा शिरला तो पुढचे चार विकांत काही गेला नाही. त्याचाच हा लेख.

ऊटा रांके-हाइनेमान. हे नाव दर वेळी टंकायचं म्हणजे शिक्षा आहे, तेव्हा मी आपलं ऊटाबाई म्हणणार. कॅथॉलिक धर्मशास्त्राच्या, म्हणजे थिऑलॉजीच्या, जगातल्या पहिल्या महिला प्राध्यापक. दोन मुलग्यांच्या आई.

जन्म २ ऑक्टोबर १९२७, एसेन. (हो, आपली गांधी जयंती. बाई पुढे कट्टर युद्धविरोधी झाल्या, पण त्याचा आणि याचा संबंध मी जोडत नाहीये.) वडील गुस्टाव हाइनेमान, वकील आणि कडक प्रॉटेस्टंट. नाझी काळात हिटलरला न जुमानणाऱ्या चर्चच्या गटात होते आणि घराच्या तळघरात बेकायदा पत्रकं छापायचे. युद्धानंतर एसेनचे महापौर झाले, मग आडेनावर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात गृहमंत्री. जर्मनीने पुन्हा सैन्य उभारावं या आडेनावरांच्या बेताला विरोध म्हणून १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९६९ ते १९७४ पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष. म्हणजे घरात न पटल्यास पद सोडायची परंपरा होती म्हणायला हरकत नाही.

आई हिल्डा. तिने मारबुर्गला धर्मशास्त्र शिकलेलं, तेही रुडॉल्फ बुल्टमान यांच्या हाताखाली. हे नाव लक्षात ठेवा. बुल्टमान म्हणजे विसाव्या शतकातलं नव्या कराराच्या अभ्यासातलं फार मोठं नाव. १९४१ मध्ये त्यांनी मांडलं, की नव्या करारातल्या चमत्कारकथा त्या काळच्या मिथकांच्या भाषेत लिहिल्या आहेत. वीज आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाने त्या घडलेल्या घटना म्हणून वाचायच्या नाहीत, त्यांतून काय सांगायचं आहे ते शोधायचं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात एसेनवर बाँब पडत असताना हिल्डाने आपल्या थोरल्या मुलीला या जुन्या सरांच्या घरी मारबुर्गला ठेवलं. सतरा वर्षांची मुलगी, बाहेर जग कोसळतंय, आणि घरमालक बुल्टमान. पुढे जे झालं त्याचं बी इथे पडलं असं मला वाटतं.

शाळा एसेनच्या बुर्गग्युम्नासियममध्ये. ही शाळा त्या चर्चच्या चौकालाच लागून आहे. पुतळा होता तिथून चालत दोन मिनिटं. मुलांची शाळा, त्यात ही एकटी मुलगी. १९४७ मध्ये विशेष प्रावीण्यासह पास. त्याच वर्गात एडमुंड रांके नावाचा एक कॅथॉलिक मुलगा होता.

पुढे बॉन, बाझेल, ऑक्सफर्ड, माँपेलिए अशी तेरा सेमिस्टर्स प्रॉटेस्टंट धर्मशास्त्र शिकून झाल्यावर १९५३ मध्ये बाई कॅथॉलिक झाल्या. आपल्याकडे याचं गांभीर्य चटकन लक्षात येणार नाही, दोन्ही ख्रिश्चनच ना असं वाटतं. पण त्या वेळी वडील जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या सर्वोच्च सभेचे, सिनॉडचे, अध्यक्ष होते! सिनॉडच्या अध्यक्षांची थोरली लेक रोमकडे. घरी काय झालं असेल याची कल्पना आपल्याला कुठल्याही आंतरजातीय लग्नाच्या घरावरून करता येते. १९५४ मध्ये एडमुंडशी लग्न. तो शाळेत कॅथॉलिक धर्माचा शिक्षक झाला.

आणि त्याच वर्षी म्युनिकला डॉक्टरेट. विषय, सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती संन्यासी संन्यास का घेत होते. तिथे बरोबर शिकणाऱ्यांत एक बुजरा, अतिशय हुशार तरुण पाद्री होता. परीक्षेसाठी प्रबंधातली विधानं लॅटिनमध्ये मांडावी लागत. ते काम दोघांनी मिळून केलं. त्याचं नाव योसेफ राट्झिंगर. पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे.

त्या वर्षी म्युनिकला डॉक्टरेट मिळवणारी आणखी एक बाई होती, एलिझाबेथ ग्योसमान. तिचीही गोष्ट थोडक्यात सांगायलाच हवी, कारण ऊटाबाईंचं यश किती अवघड होतं ते त्यावरूनच कळतं. जर्मनीत प्राध्यापक व्हायचं तर डॉक्टरेटनंतर 'हाबिलिटेशन' नावाची आणखी एक पायरी असते. कॅथॉलिक धर्मशास्त्रात ती पायरी व्यवहारात पाद्रयांसाठी राखीव. पाद्री व्हायचं तर पुरुष हवा, अविवाहित हवा. ग्योसमानबाईंची हाबिलिटेशन साठच्या दशकात बिशपांच्या विरोधामुळे अडली. त्या टोकियोला शिकवत राहिल्या, दोन मुली वाढवल्या, आणि जर्मन विद्यापीठांत ३७ वेळा अर्ज केले. ३७ वेळा नकार. (आपण तीन इंटरव्ह्यूंत रिजेक्ट झालो की लिंक्डइनवर निबंध लिहितो.)

ऊटाबाई १९५५ पासून बॉनला धर्मशिक्षिका घडवणाऱ्या चर्चच्या संस्थेत शिकवत होत्या. १९६५ पासून नॉइसच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात. १९६९ मध्ये हाबिलिटेशन, १९७० मध्ये प्राध्यापकपद. दोन्हीत जगात पहिल्या. त्या वेळी मुलगे शाळकरी होते आणि वडील राष्ट्राध्यक्ष. मला यातलं 'पहिली महिला' हे बिरुद तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. त्या विषयाच्या खुर्चीत शेकडो वर्षं ज्यांनी बसून लग्न, गर्भधारणा, बाळंतपण यांवर पानंच्या पानं लिहिली, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना त्यातलं काहीही स्वतः अनुभवायची परवानगी नव्हती. आणि आता तिथे दोनदा बाळंत झालेली बाई बसली होती, हे मला जास्त मोठं वाटतं.

आता परवान्याचं प्रकरण. हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ही व्यवस्था आपल्याकडे नाही.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांमध्येच धर्मशास्त्राचे विभाग असतात, कॅथॉलिकांचे वेगळे, प्रॉटेस्टंटांचे वेगळे. शाळेतही धर्म हा रीतसर विषय, राज्यघटनेनेच तसं म्हटलंय. प्राध्यापकाचा पगार सरकार देतं, तो सरकारी नोकर असतो. पण शिकवायचं काय यावर चर्चचा शब्द चालतो. प्रशिया आणि पोप यांच्यात १९२९ मध्ये करार झाला, मग १९३३ मध्ये सगळ्या जर्मनीसाठी हिटलर सरकारबरोबर झाला, आणि हे करार युद्धानंतरही चालू राहिले. त्यानुसार बिशपची ना-हरकत असल्याशिवाय कॅथॉलिक धर्मशास्त्र शिकवता येत नाही, आणि बिशपने ती काढून घेतली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कॅथॉलिक चर्चच्या नावाने शिकवू शकत नाही. सरकार मात्र तुम्हाला काढू शकत नाही. म्हणजे आपल्या भाषेत, प्रॉडक्शनचा अ‍ॅक्सेस गेला, पण बॅज चालू आणि पगारही चालू! मग विद्यापीठ डोकं खाजवत तुम्हाला दुसऱ्या कुठल्यातरी विभागात बसवतं. तोटा कुणाचा? ज्या विद्यार्थ्यांना पुढे शाळेत कॅथॉलिक धर्म शिकवायचाय त्यांना तुमच्याकडे शिकून उपयोग नसतो, त्यांना स्वतःलाही तोच परवाना लागतो. शिक्षकाकडून विद्यार्थी काढून घ्यायची ही पद्धत. फार शांतपणे होते.

ऊटाबाईंच्या आधी हे सगळ्यात गाजलं होतं ते हान्स क्युंग यांच्या बाबतीत. ट्युबिंगनचे प्राध्यापक, पोपच्या अचूकतेबद्दल शंका घेतली, आणि डिसेंबर १९७९ मध्ये परवाना गेला. याच क्युंगनी १९६६ मध्ये राट्झिंगरना ट्युबिंगनला बोलावून आणलं होतं. जग लहान आहे, जर्मन धर्मशास्त्राचं तर फारच.

एप्रिल १९८७. हॉलंडच्या सीमेजवळ केवेलार नावाचं गाव आहे, १६४२ पासून मरियेचं तीर्थक्षेत्र. मीही जाऊन आलो. मूर्ती नाही, तळहाताएवढं एक छापील चित्र आहे, त्याच्यासाठी लाखो लोक येतात. ऑगस्टमध्ये तर जर्मनीभरचे श्रीलंकन तमिळ येतात, त्यांत हिंदूही असतात. आपल्या वांद्र्याच्या मतमाउलीच्या जत्रेसारखंच. तर २ मे १९८७ ला पोप जॉन पॉल दुसरे केवेलारला येणार होते, आणि त्याआधी या तीर्थक्षेत्रावर एक टीव्ही कार्यक्रम झाला. त्यात ऊटाबाईंनी सांगितलं, की मरियेचं कौमार्य ही शारीरिक घटना म्हणून घ्यायची नाही, तो धर्मशास्त्रीय अर्थ आहे. देवाने नवी सुरुवात केली असं सांगायची ती एक पद्धत आहे. बुल्टमान सरांच्या घरचंच शिक्षण. जूनमध्ये हेंग्सबाखनी परवाना काढून घेतला.

इथे जरा थांबू, कारण नुसतं 'बाई पुरोगामी, बिशप जुनाट' म्हणून पुढे जाणं सोपं आहे. मुळात म्हणणं काय होतं?

जुन्या करारात यशयाच्या पुस्तकात (७:१४) एक वाक्य आहे, की एक 'अल्मा' गर्भवती होईल आणि तिला मुलगा होईल. हिब्रूमध्ये अल्मा म्हणजे तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळात याचं ग्रीक भाषांतर झालं, तिथे शब्द आला 'पार्थेनॉस', म्हणजे कुमारिका. मत्तयाने शुभवर्तमान लिहिताना ग्रीक प्रत वापरली आणि भविष्यवाणी खरी झाली म्हणून लिहिलं. सगळ्यात जुनं शुभवर्तमान मार्कचं, त्यात येशूच्या जन्माची गोष्टच नाही. त्याच्याही आधीचा पौल, तो येशू 'स्त्रीपासून जन्मला' एवढंच म्हणतो. मार्क (६:३) तर येशूच्या चार भावांची नावं देतो, याकोब, योसे, यहूदा, शिमोन, आणि बहिणींचाही उल्लेख करतो. मग मरिया 'सदैव कुमारी' कशी? चौथ्या शतकात संत जेरोमने तोड काढली, की हे सख्खे नाहीत, चुलत-मावस असावेत. आणि सातव्या शतकापर्यंत सिद्धांत पूर्ण बांधला गेला: बाळंतपणाआधी कुमारी, बाळंतपणानंतर कुमारी, आणि प्रत्यक्ष बाळंतपणातही कुमारी. म्हणजे मूल जन्मलं पण शरीराला इजा नाही, कळा नाहीत.

ऊटाबाईंना सगळ्यात जास्त राग या तिसऱ्या भागाचा होता. आणि तो मला पूर्ण समजतो. आदर्श आई कोण, तर जिच्या अंगावर आई झाल्याची एकही खूण नाही ती. मग बाकीच्या आयांचं काय?

दुसरी बाजू. चर्चचं म्हणणं, बाई, हा परवाना आमच्या नावाने शिकवायचा आहे. ज्या मताला आमचे कोट्यवधी लोक दर रविवारी 'मी विश्वास ठेवतो' म्हणतात त्याला तुम्ही आमच्याच खुर्चीत बसून रूपक म्हणणार असाल, तर ती खुर्ची आम्ही का द्यावी? हा मुद्दा फालतू नाही. कुठलीही संस्था आपल्या नावाने कोण बोलणार हे ठरवणारच. मी चार दिवस या मुद्द्याशी झटापट केली. मला पटत नाही ते एवढ्याचसाठी, की मग ती खुर्ची विद्यापीठात कशाला? विद्यापीठात ठेवायची म्हणजे हिब्रू शब्दकोश उघडायची परवानगी आलीच, आणि शब्दकोशात काय निघावं हे आधीच ठरलेलं असेल तर तो अभ्यास कसला?

यातली बोचणारी गोष्ट पुढेच आहे. राट्झिंगर यांनी १९६८ मध्ये 'ख्रिस्ती धर्माची ओळख' या अर्थाचं एक पुस्तक लिहिलं, अजूनही वाचलं जातं. त्यात त्यांनी म्हटलंय, की येशू एखाद्या सामान्य मानवी विवाहातून जन्मला असता तरी त्याच्या देवत्वाच्या सिद्धांताला धक्का लागला नसता, कारण देवाचा पुत्र असणं ही जीवशास्त्रीय गोष्ट नव्हे. ते स्वतः कुमारीजन्म मानत होते, हे लगेच सांगायला हवं. नुसतं एवढंच वाक्य तोडून दाखवणं त्यांच्यावर अन्याय आहे. पण ऊटाबाई आणि त्यांच्यातलं अंतर काही आकाशपाताळाचं नव्हतं. एक पाऊल जास्त. १९८७ मध्ये राट्झिंगर रोममध्ये धर्मसिद्धांत सांभाळणाऱ्या खात्याचे प्रमुख होते, आणि त्यांच्याबरोबर बसून लॅटिन रचलेली मैत्रीण परवान्याशिवाय घरी.

घरी म्हणजे तशी नाहीच. एसेन विद्यापीठाने त्यांना चर्चच्या कक्षेबाहेर धर्मेतिहासाचं अध्यासन दिलं. आणि पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, त्यांनी बाँब टाकला. पुस्तकाचं नाव 'स्वर्गराज्यासाठी नपुंसक', उपशीर्षक कॅथॉलिक चर्च आणि लैंगिकता. नाव मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या येशूच्या एका वचनावरून. चर्च ते वचन पाद्रयांच्या ब्रह्मचर्यासाठी वापरतं. बाईंचं म्हणणं, तिथे विषय घटस्फोटाचा चालला आहे, ब्रह्मचर्याचा संबंधच काय. पुस्तक तुफान खपलं, अनेक भाषांत गेलं. मी इंग्रजीतून वाचलं.

त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण आपल्या धंद्यातलं आहे. तोबितच्या पुस्तकात तोबिया नावाच्या तरुणाचं लग्न होतं. ग्रीक प्रतीत पहिल्या रात्री नवराबायको प्रार्थना करतात आणि झोपतात. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात मात्र तोबिया म्हणतो, तीन रात्री आपण प्रार्थनाच करू, मग बघू! दोन व्हर्जन शेजारी ठेवून डिफ काढला की तीन रात्री नव्याने चेक-इन झालेल्या दिसतात. आणि मग या तीन 'तोबिया-रात्री' कितीतरी शतकं नवविवाहितांना आदर्श म्हणून सांगितल्या गेल्या. एका संन्याशाच्या भाषांतराने लाखो लोकांची पहिली रात्र ठरवली.

असं पान-पान चालतं. ऑगस्टीनने शरीरसुखाची गाठ मूळ पापाशी कशी बांधली. येशूचा पहिला शिष्य पेत्र, ज्याला पहिला पोप मानतात, त्याला सासू होती (मार्क १:३०, म्हणजे बायकोही असणार), तरी ११३९ च्या लॅटरन परिषदेने पाद्रयांची लग्नं अवैध कशी ठरवली. १९६८ च्या पोपच्या आज्ञापत्राने गर्भनिरोधक गोळीला नाही म्हटलं ते कुठल्या जुन्या धाग्याचं टोक आहे. आणि बाळंतिणीचं सोयर! हे वाचताना मी उडालोच. लेवीयाच्या पुस्तकातला नियम, मुलगा झाला तर चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी. ख्रिस्ती युरोपातही बाळंतीण चर्चमध्ये येताना दारातच पाद्री तिला घ्यायला यायचा, आशीर्वाद देऊन मग आत. हा विधी विसाव्या शतकाच्या साठच्या दशकापर्यंत चालू होता. स्वतः मरियेनेही हे दिवस पाळले असं लूक सांगतो. २५ डिसेंबरपासून चाळिसावा दिवस, २ फेब्रुवारी, हा सण त्याचाच. मी बहिणीला मेसेज केला, "तुझी केस ग्लोबल आहे." तिचं उत्तर इथे छापण्यासारखं नाही. :)

पुस्तकात दोष आहेत. बाई वकिलासारख्या लिहितात (वकिलाचीच मुलगी), न्यायाधीशासारख्या नाही. उपरोध इतका धारदार, की शंभर पानांनंतर वाचणारा बधिर होतो. बाराव्या शतकात लग्नाला वधूचीही संमती हवी हे तत्त्व याच चर्चने, याच ब्रह्मचारी पुरुषांनी पक्कं केलं, आणि ती गोष्ट त्या काळाच्या मानाने फार मोठी होती. असा तोल या पुस्तकाकडून मागायचा नाही. पुढचं 'नाही आणि आमेन' (१९९२) तर आणखी पुढे जातं आणि एकेक करत जवळजवळ सगळेच सिद्धांत मोडीत काढतं. परवाना काढल्यामुळे बाई टोकाला गेल्या, की टोकाला जाणाऱ्याच होत्या म्हणून परवाना गेला? मला पहिलं जास्त खरं वाटतं. १९८७ चं टीव्हीवरचं बोलणं त्या मानाने फारच सौम्य होतं. संस्थेत असताना माणूस शब्द जपून वापरतो. बाहेर काढल्यावर जपायचं कुणासाठी?

बाकीचं आयुष्य भराभर सांगतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात उत्तर व्हिएतनामला गेल्या, शांतता चळवळीत सतत पुढे. १९९९ मध्ये नाटोचं युगोस्लाव्हियावर बाँबिंग चालू असताना पीडीएस या डाव्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. समोर योहानेस राऊ, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाचीचा नवरा! बाईंना पहिल्या फेरीत ६९ मतं, दुसऱ्या फेरीत ६२. राऊ निवडून आले. वर्षानुवर्षं तोच एक हिरवट-निळा चामड्याचा कोट-स्कर्ट घालून टीव्हीवर यायच्या, त्यामुळे जर्मनीत ज्यांनी एक अक्षर वाचलं नाही त्यांनाही तो ड्रेस आठवतो. माझ्या सहकारी बाईंनाही आधी तोच आठवला.

२००१ मध्ये एडमुंड गेले. वर्गमित्र, मग सत्तेचाळीस वर्षं नवरा. बायको चर्चशी भांडत होती आणि नवरा त्याच चर्चच्या परवान्यावर शाळेत शिकवणारा माणूस, हे घर कसं चाललं असेल याचा मी बराच विचार केला. २००२ च्या आवृत्तीत बाईंनी पारंपरिक ख्रिस्ती धर्माला रामराम ठोकल्याचं उपशीर्षकातच लिहून टाकलं आणि कशाकशावर विश्वास नाही याची सात कलमं दिली. एक गोष्ट मात्र सोडली नाही: मेल्यानंतर एडमुंड पुन्हा भेटेल ही आशा. एवढी चिकित्सा करणाऱ्या बाईने ती एक जागा चिकित्सेबाहेर ठेवली. मला त्यात विसंगती दिसली, आणि ती काढून टाकावीशी मात्र वाटली नाही.

भारतात परतायच्या आदल्या रविवारी पुन्हा त्या चौकात गेलो होतो. शाळा एका बाजूला, चर्च दुसऱ्या बाजूला, पुतळ्याची जागा मोकळी. पुतळा हलला तेव्हा ऊटाबाईंना जाऊन अडीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना हे बघायला मिळालं नाही. त्या वारल्या एसेनमध्येच, ९३ व्या वर्षी. त्यानंतर बाराच दिवसांनी ट्युबिंगनला क्युंग गेले. राट्झिंगर २०२२ च्या ३१ डिसेंबरला.

ऊटाबाईंची तारीख २५ मार्च २०२१. आपल्या कॅलेंडरात तिला काही विशेष नाही. सहकारी बाईंना मी ती नुसती वाचून दाखवली, तर त्या थबकल्या आणि मोठ्याने हसल्या. २५ डिसेंबरपासून नऊ महिने मागे मोजा. देवदूताने येऊन मरियेला 'तू कुमारी असतानाच तुला मुलगा होईल' असं सांगितलं, त्याचा कॅथॉलिक चर्चमधला सण त्या दिवशी असतो.